न आलेल्या रोग्याचा शोध : पवनार–वर्धा परिसरातील लोकारोग्य-योजनेचा इतिहास

समाजहिताची कामे करणाऱ्या संस्थांचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. निधी जमविण्यात जेवढा विचार खर्ची पडतो, तेवढा तो निधी कोणाच्या हाती सोपवावा या विचारात पडत नाही. शाळा काढावयाची तर मुख्याध्यापक कसा असावा याची थोडीफार कल्पना प्रत्येकास असते. वसतिगृह काढावयाचे तर अधीक्षक कसा असावा, हेही आपण अनुभवाने जाणतो. परंतु लोकांच्या आरोग्याची योजना आखून तिच्यावर संचालक नेमण्याचा प्रसंग आला, म्हणजे शहरातील एखाद्या नामवंत डॉक्टरांचे नाव सुचविले जाते, टाळ्यांच्या गजरात ते संमत होते, आणि पुढील वर्षाच्या अहवालात एक तपासणी शिबिर, एक रक्तदान व काही चष्म्यांचे वाटप एवढी नोंद होऊन काम थांबते. यात त्या डॉक्टरांचा काहीच दोष नसतो. दारी आलेल्या रोग्यास बरे करणे ही एक विद्या आहे आणि लोकसमूहाच्या आरोग्याचे नियोजन करणे ही अगदी दुसरी विद्या आहे. हा भेद आपल्या ध्यानी येत नाही, हाच खरा दोष होय.

अलीकडे ज्ञातिसंस्थांच्या सभांतून आरोग्यनिधी उभारण्याच्या व त्यावर जाणता संचालक नेमण्याच्या सूचना येऊ लागल्या आहेत. या सूचना स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांचा विचार करताना दूरदेशीचे दाखले शोधण्याची गरज नाही. आपल्याच विदर्भात, पवनार आणि वर्धा यांच्या परिसरात, या प्रश्नाचा मोठा धडा गिरविला गेला आहे. त्या इतिहासाची ज्ञातिबांधवांस ओळख करून द्यावी व त्यातून आपल्या कामापुरते काही तात्पर्य काढावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धाम नदीच्या काठी

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार हे गाव लागते. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले होते. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. परंतु आधुनिक महाराष्ट्रास पवनार परिचित आहे ते आचार्य विनोबा भावे यांच्यामुळे. १९३८ साली प्रकृती फार क्षीण झाल्यामुळे विनोबा नालवाडीहून येथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले आणि धामेच्या काठचे ते स्थान परंधाम या नावाने प्रसिद्ध झाले. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण विनोबांनी पवनारलाच केले.

या राजकीय घडामोडींच्या तेजात दुसरे एक काम सहज झाकले गेले. १९३४ साली नालवाडी येथे ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली होती. मंडळाचे कार्यकर्ते वर्धा तालुक्यातील खेडी पायी हिंडत असत. सूत, शेती, स्वच्छता यांची विचारपूस करता करता घराच्या मागच्या पडवीत, गोठ्याच्या आडोशाला किंवा गावकुसाबाहेरच्या झोपडीत बसविलेली माणसे त्यांच्या दृष्टीस पडू लागली. बोटे झडलेली, तळपायास व्रण पडलेली ही माणसे कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत नव्हती. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी या माणसांच्या सेवेस वाहून घेण्याचा निश्चय केला आणि १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे त्यांच्या कामास आरंभ झाला. त्यातूनच महारोगी सेवा समिती उभी राहिली.

हे काम किती दुर्मीळ होते याची साक्ष महात्मा गांधींच्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत सापडते. १९४१ साली लिहिलेल्या या पुस्तिकेच्या १९४५ मधील सुधारलेल्या आवृत्तीत कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कलम असून, केवळ सेवाबुद्धीने एका भारतीयाने चालविलेली संस्था म्हणून मनोहरजींच्या कामाचा गौरवाने उल्लेख आहे. देशातील कुष्ठसेवेचा बहुतेक भार त्या काळी परदेशी मिशनांवर होता. गांधीजींनी स्वतः सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित विद्वानास १९३९ साली आश्रय दिला, त्यांच्यासाठी कुटी बांधून दिली व आपल्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. पुढे वरोऱ्यास आनंदवन वसविणारे बाबा आमटे यांनीही दत्तपूरला येऊन या कामाचे धडे घेतले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. वऱ्हाड-नागपूरच्या भूमीत करुणेची ही परंपरा अशी बळकट होत गेली.

आश्रय आणि नियोजन

या करुणेचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु इतिहासकाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आश्रयस्थाने वाढत असताना रोग घटत होता काय? याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे रोगाच्या स्वरूपातच आहेत.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढले. त्याच सुमारास मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठाच्या बियांच्या तेलाने या रोगावर उपचार करीत होते. तथापि या रोगाची गती फार मंद असते. संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत तीन ते पाच वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लोटतो. आरंभीचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्या जागी टोचलेले कळत नाही, इतकेच. ज्या रोगात वेदना होत नाहीत, त्याचा रोगी दवाखान्यात कशाला येईल? तो येतो ते बोटे वाकडी झाल्यावर, म्हणजे उशिरा. आणि तोवर त्याच्या सहवासातील आणखी कोणास तरी लागण होऊन गेलेली असते.

इंग्रजी अमदानीत १८९८ साली झालेल्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांस पकडून आश्रमात कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या कायद्यास रस्त्यावरचा भिकारी दिसत होता. माडीवर दडविलेला सावकाराचा मुलगा दिसत नव्हता. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. विवाहविच्छेदाचे एक कारण म्हणून कुष्ठरोगाचा असलेला उल्लेख तर २०१९ च्या दुरुस्तीने गळला.

तात्पर्य असे की, आश्रयस्थान कितीही प्रेमाने चालविले तरी तेथे साखळीचे शेवटचे टोक येते. साखळी जेथे सुरू होते तेथपर्यंत जावयाचे तर वैद्यास दवाखाना सोडून गावात शिरावे लागते. १९४३ साली नेमलेल्या व १९४६ साली अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयी याच दिशेने विचार केला होता. प्रारंभीच्या टप्प्यात दर चाळीस हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे व तेथे रोगनिवारणाबरोबर रोगप्रतिबंधाचेही काम चालावे, ही कल्पना त्या अहवालातलीच. परंतु कागदावरील कल्पना खेड्यात उतरविण्यास माणसे लागतात.

१९५१ सालची नेमणूक

गांधीजींच्या निर्वाणानंतर लोकवर्गणीतून गांधी स्मारक निधी उभा राहिला. रचनात्मक कार्यक्रमातील कुष्ठसेवेचे कलम पुढे चालविण्यासाठी त्या निधीतून १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाची स्थापना झाली व वर्धा हे त्याचे केंद्रस्थान झाले. प्रतिष्ठानाचे पहिले संचालक म्हणून डॉ. वारदेकर यांनी काम पाहिले.

त्या वेळी प्रतिष्ठानापुढे सोपा मार्ग होता. जमलेल्या पैशातून एक भव्य कुष्ठधाम बांधावे, त्यास राष्ट्रपित्याचे नाव द्यावे, शेकडो रोग्यांची आजन्म सोय लावावी. लोकांनी धन्य धन्य म्हटले असते. असे धाम चालविण्यास प्रेमळ व्यवस्थापक पुरेसा होता. डॉ. वारदेकरांनी दुसरी वाट धरली. कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, तो रोग्याला घरापासून तोडून सुटणार नाही, त्याच्या घरीच सोडविला पाहिजे, या भूमिकेवर त्यांनी कामाची आखणी केली. सेवाग्राम परिसरात व देशाच्या इतर भागांत प्रतिष्ठानाची नियंत्रण केंद्रे उघडण्यात आली.

योगायोग असा की, याच १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पवनार सोडून पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला. एक पुरुष भूमिहीनांसाठी दारोदार जात होता. त्याच वर्षी त्याच मुलखात दुसरे एक काम दडलेल्या रोग्यासाठी दारोदार जाण्याची सिद्धता करीत होते. दोहोंचे साधन पाय हेच होते.

सर्वेक्षण, शिक्षण, उपचार

डॉ. वारदेकरांनी घडविलेली कार्यपद्धती तीन शब्दांत सांगता येते : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. शब्द साधे आहेत, पण त्यांच्या क्रमातच सारे मर्म आहे. नेहमीच्या दवाखान्यात उपचार आधी असतो, शिक्षण जमल्यास होते आणि सर्वेक्षणाचे नावही नसते. येथे गावाची मोजणी प्रथम येते.

सर्वेक्षण म्हणजे गावातील प्रत्येक घराची नोंद करून घरातील प्रत्येक माणसाचे अंग भर उजेडात तपासणे. आजारी दिसणाऱ्याचे तेवढे नव्हे, प्रत्येकाचे. चट्टा आहे काय, तेथे स्पर्श कळतो काय, कोपराजवळची नस जाड लागते काय, एवढे पाहण्यास मोठी पदवी लागत नाही. शिकविलेला, चिकाटीचा व सुस्वभावी कार्यकर्ता पुरतो. म्हणून या पद्धतीत डॉक्टरांहून अधिक भार प्रशिक्षित निमवैद्यकीय कार्यकर्त्यांवर टाकलेला आहे. सरकारने पुढे ही रचना स्वीकारली तेव्हा वीस ते पंचवीस हजार लोकसंख्येमागे असा एक कार्यकर्ता हे प्रमाण ठरले. रोगाचा जोर अधिक असेल तेथे सुमारे साडेचार लाख वस्तीसाठी एक नियंत्रण केंद्र, त्यात वीस कार्यकर्ते, त्यांच्यावर पर्यवेक्षक आणि सर्वांवर एक वैद्यकीय अधिकारी अशी उतरंड होती.

वाचकांनी या आकड्यांचा अर्थ नीट पाहावा. साडेचार लाख लोकांमागे डॉक्टर एक! प्रथमदर्शनी ही कृपणता वाटेल. परंतु नियोजनाची विद्या ती हीच. दुर्मीळ ज्ञान कोठे लागते आणि मुबलक मनुष्यबळाने काय साधते, याची वाटणी जो करू शकतो तो नियोजक. प्रत्येक चट्टा डॉक्टरांनीच पाहावा असा आग्रह धरला असता तर चट्टे पाहण्याचे काम कित्येक पिढ्या पुरले असते.

शिक्षणाचा भाग याहून नाजूक होता. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, तो पिढीजात उतरतो, त्यावर औषध नाही, या समजुती घराघरांत घट्ट होत्या. त्या पालटल्याशिवाय दार उघडणार नव्हते आणि दार उघडल्याशिवाय मोजणी होणार नव्हती. म्हणून शाळा, पंचायत, भजनी मंडळी, बाजारचा दिवस, जेथे माणसे जमतात तेथे कार्यकर्त्याने बोलावयाचे. स्त्रियांची तपासणी हा तर रोजचाच पेच असे. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विश्वास संपादन केल्यावाचून तेथे पाऊल पडत नसे.

उपचारासाठी डॅप्सोन हे औषध नुकतेच हाती आले होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे प्रयोग आपल्याकडे चेंगलपट्टू येथे व आफ्रिकेत नायजेरियात झाले होते. स्वस्त गोळी, तोंडाने घ्यावयाची, घरी राहून घ्यावयाची. या गोळीने घरच्या घरी उपचार शक्य केला हे खरे; पण गोळी आपल्या पायांनी चालत जात नाही. ती नेणारी व वर्षानुवर्षे चुकू न देणारी व्यवस्था वर्ध्यात घडली. १९५५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या तीन अंगांच्या पद्धतीचा त्याने अंगीकार केला. एका लहान संस्थेच्या संचालकाने आखलेली रीत अशा प्रकारे राष्ट्राची रीत झाली.

डॉ. वारदेकर एवढ्यावरच थांबले नाहीत. रोग्यास औषध देऊन साखळी तुटते, तर रोग्याच्या सहवासातील निरोगी मुलांस आधीच औषध दिल्यास काय होईल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला व डॅप्सोनच्या प्रतिबंधक उपयोगाविषयीचे आपले निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध केले. औषध बदलले, पण प्रश्न तोच राहिला. सहवासातील लोकांना रिफाम्पिसिनची एक मात्रा द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली. वर्ध्यात विचारलेल्या प्रश्नाची थोरवी यावरून कळून येते.

पद्धतीच्या मर्यादा

सत्य सांगावयाचे तर या पद्धतीसही मर्यादा होत्या. डॅप्सोन हे एकच औषध अनेक वर्षे, कित्येकांना आयुष्यभर घ्यावे लागे. मध्येच सोडणारे पुष्कळ असत. १९६४ च्या सुमारास या औषधास न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. अखेर १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. हा बहुविध उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाला त्यांत वर्धा जिल्हा होता. नोंदवह्या तयार होत्या, कार्यकर्ते तयार होते, लोकांस तपासणीची सवय होती. नव्या औषधास तयार शेत मिळाले. १९८३ साली देशात दर दहा हजारांमागे सुमारे ५८ असलेले रुग्णप्रमाण २००५ च्या अखेरीस एकाहून खाली आले.

परंतु या यशाच्या पोटी एक अपयश दडलेले होते. आकडा खाली आला म्हणून घरोघर फिरणे मंदावले. रोगी आपण होऊन येईल ही जुनी समजूत पुन्हा डोके वर काढू लागली. रोगी आला नाही, उशिरा आला, व्यंग घेऊन आला. तेव्हा २०१६ साली सरकारला पुन्हा घरोघर शोधमोहीम काढावी लागली. आजही आपल्या देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात व जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्याकडचे असतात. ज्या दिवशी योजना मोजणे सोडते, त्या दिवशी ती आंधळी होते, हा या साऱ्या इतिहासाचा कठोर निष्कर्ष आहे.

संचालक हवाच कशाला?

येथे एक आक्षेप संभवतो. पवनार येथेच विनोबांनी १९५९ साली भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. तेथे कोणी अध्यक्ष नाही, संचालक नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. मग लोकसेवेच्या कामास तरी संचालक कशाला हवा? विचार करता असे दिसते की, एकत्र राहणाऱ्या, एका व्रताने बांधलेल्या लहान समूहास सर्वसंमती शोभते, कारण तेथे प्रत्येकजण प्रत्येकास दिसतो. आरोग्ययोजनेत मात्र ज्याच्यासाठी काम चालते तो माणूस सभेत हजर नसतो. तो पडवीत दडलेला असतो. त्याच्या वतीने, ‘या गावातील अमुक घरे तपासावयाची राहिली आहेत’ असे म्हणणारा व त्याबद्दल जाब देणारा कोणीतरी एक असावा लागतो. तो म्हणजे संचालक.

सेवाग्रामचा इतिहास हेच सांगतो. डॉ. सुशीला नायर यांनी गांधीजींच्या हयातीत तेथे सुरू केलेल्या औषधोपचारातून कस्तुरबा रुग्णालय वाढले व १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावे, तेथे काही दिवस राहून घरोघरची पाहणी करावी, असा पाठ त्यांस घालून देण्यात आला. पुढे डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने याच परिसरात ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावाच्या आरोग्यविम्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याच्या हाती सुगीच्या दिवसांत रोकड कमी व धान्य अधिक असते, हे ओळखून ही योजना आखलेली होती. योजना लोकांच्या कणगीपासून सुरू झाली पाहिजे, हे त्यावरून शिकावे.

आपल्यापुरता विचार

आता ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने या इतिहासाचे फलित पाहू.

पहिली गोष्ट अशी की, संचालकाची निवड करताना उमेदवाराने किती रोगी बरे केले, हे विचारण्याआधी जे त्याच्याकडे आले नाहीत त्यांच्याविषयी तो काय सांगू शकतो, हे विचारावे. आपल्या वस्तीत घरे किती, माणसे किती, त्यांतील किती तपासली व किती राहिली, या चार प्रश्नांत ज्यास गोडी नाही, तो कितीही निष्णात वैद्य असला तरी नियोजक नव्हे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. जो सर्व कामे स्वतः करू पाहतो त्याच्या मागे संस्था उरत नाही. ज्यास आपल्या ज्ञातीतील शिक्षिका, परिचारिका, निवृत्त कारकून व महाविद्यालयीन तरुण यांच्या हाती काम सोपविता येते, तोच योग्य.

तिसरी गोष्ट वेतनाची. मानसेवी संचालकाचा मोह आपल्या संस्थांस फार. सन्मान फुकट मिळतो म्हणून काम फुकट होते असे नाही. रविवारी सवडीने येणाऱ्या गृहस्थास सोमवारचा जाब विचारता येत नाही. निधी थोडा असेल तर इमारत लहान करावी, पण संचालकास पूर्ण वेळ व योग्य वेतन द्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून ती थोडी कटू आहे. आपल्या वार्षिक अंकांतून कुटुंबांच्या याद्या छापतात. वधूवरांची नोंद ठेवली जाते. रोग दडविण्याचे सर्वांत मोठे कारण सोयरिक हेच असते, हे कोणास सांगावयास नको. थोरल्याचा चट्टा कळला तर धाकटीचे लग्न मोडेल, या भयाने किती घरांत किती वर्षे औषध उशिरा पोचले असेल! विदर्भात आज सिकलसेल या रक्तविकाराच्या बाबतीत हेच भय पुन्हा उभे आहे. हा विकार येथील अनेक जातीजमातींत आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि रक्ततपासणीचा सल्ला लग्नाच्या बोलणीपूर्वी दिला जातो. हा सल्ला योग्य आहे; परंतु तपासणीचा निष्कर्ष ज्याचा त्यासच कळावा. म्हणून ज्ञातीची आरोग्य-नोंदवही आणि वधूवर-नोंदवही या दोन वह्या एका कपाटात, एका किल्लीखाली कदापि असू नयेत. संचालकाने नेमणुकीच्या दिवशीच हा नियम मागून घ्यावा, आणि कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले तरी एकाही घराचे नाव सांगू नये. ज्याच्या अंगी हे धैर्य नाही, त्यास लोक खरे सांगणार नाहीत. आणि लोक खरे सांगत नाहीत तेथे मोजणी व्यर्थ आहे.

पाचवी व शेवटची गोष्ट ज्ञातीच्या सीमेविषयी. वर्ध्याच्या कार्यकर्त्याने गाव तपासले ते पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. मधली चार घरे आपल्या जातीची नाहीत म्हणून ती वगळली असती, तर त्या चार घरांतून रोग पुन्हा गावभर फिरला असता. ज्ञातीचा निधी ज्ञातीने जमवावा, त्याचा हिशेब ज्ञातीस द्यावा, हे सर्व मान्य. परंतु आरोग्याची मोजणी आळीची व गावाची असावी. जो संचालक आपल्यास हे स्पष्ट शब्दांत सांगेल, त्याचे बोलणे प्रथम काहींना रुचणार नाही. पण निवड करावयाची तर त्याचीच करावी.

दत्तपूरने आपणांस करुणा शिकविली. सेवाग्रामच्या परिसराने त्या करुणेस पाय व डोळे दिले. दोन्हींची गरज आहे. मात्र पाय व डोळे नसलेली करुणा दारात बसून राहते आणि आलेल्यांचीच सेवा करते. आपल्या ज्ञातीने आरोग्याच्या कामास हात घालताना न आलेल्या रोग्यास प्रथम आठवावे आणि त्याला शोधून काढील असाच संचालक नेमावा, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.